पाण्याखालची घड्याळं: नाशिकची नोंदवही

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून वही सुरू. नाशिक आणि आसपासच्या घरांत, दुरुस्तीच्या दुकानांत जी जुनी डायव्हर (पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली) घड्याळं सापडतील ती पाहायची, फोटो काढायचे आणि ती कधीची हे पुराव्यानिशी लिहायचं. विकत घेणं हा यातला छोटा भाग. बहुतेक घड्याळं त्यांच्या घरीच राहणार आहेत आणि तिथेच ती शोभतात.

समुद्र इथून घाट उतरून गेल्यावर. तरीही ही घड्याळं नाशकात आली, कारण इथली माणसं बाहेर गेली आणि परत आली. कुणी मर्चंट नेव्हीत, कुणी आखातात नोकरीला, कुणी देवळालीच्या फौजेत, कुणी ओझरच्या विमान कारखान्यात रशियन तंत्रज्ञांच्या शेजारी. परदेशी घड्याळांच्या आयातीवर तेव्हा कडक बंधनं होती, त्यामुळे दुकानातून रीतसर पावती करून डायव्हर घड्याळ घेतलेलं घर विरळाच. बॅगेतून आलेलं, भेट मिळालेलं, ओळखीतून घेतलेलं, हेच जास्त. म्हणजे आठवणी भरपूर आणि कागद कमी.

म्हणून पद्धत आधीच ठरवून घेतो. घड्याळाला एकच एक वर्ष चिकटवायचं नाही. केस, मागचं झाकण, मशीन, डायल, काटे, बेझल (काचेभोवतीची कडी), चावी (बाजूची गुंडी), पट्टा, प्रत्येकाची स्वतंत्र नोंद. एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे जुळले तरच वर्ष शाईने लिहायचं, तोवर पेन्सिल. आणि घड्याळ घरात कधी आलं याचा रकाना वेगळा. कारखान्यातून निघालेलं घड्याळ सिंगापूरच्या दुकानात दोन वर्षं पडून असू शकतं. आजोबांची आठवण आणि पोलादावरचा शिक्का यांचं वर्ष वेगळं आलं म्हणून कुणी खोटं ठरत नाही.

मशीन उघडायचं काम रविवार कारंज्याजवळच्या गल्लीतले अण्णा करणार. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी घड्याळंच उघडली आहेत. त्यांची अट एकच, जी मला मनापासून पटते: "पॉलिश मारायला सांगशील तर येऊ नकोस."

८ जानेवारी, बुधवार

गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार. भाजीच्या रांगा संपल्या की पुढे जुन्या वस्तूंच्या पथाऱ्या लागतात. तिथे एक केशरी डायलचं सिको या जपानी कंपनीचं घड्याळ होतं, डायलवर 'डायव्हर' आणि '१५० एम' छापलेलं. लांबून देखणं. जवळून पाहिलं तर अक्षरं जाड, कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा आणि रेडियमचे (बोलीत अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही रंगाला रेडियमच म्हणतात) ठिपके एका रेषेत नाहीत, तारखेची खिडकी एका बाजूला तिरकी कापलेली. मागच्या झाकणावर ७००९ ने सुरू होणारा नंबर. ७००९ हे सिको ५ या रोजच्या घड्याळाचं साधं ऑटोमॅटिक मशीन, डायव्हरचं नव्हे. असलं रंगवलेलं, जुळवलेलं घड्याळ मुंबईच्या बाजारांतून देशभर जातं, परदेशातही विकलं जातं.

एक गोष्ट सरळ लिहून ठेवतो. डायल पुन्हा छापणाऱ्या कारागिराच्या हातात कौशल्य असतं, त्याच्यावर माझा राग नाही. पण अशा प्रत्येक घड्याळासाठी एक जुनी, मूळ तबकडी घासून कोरी केली जाते. फिकी पडलेली, डाग पडलेली का असेना, ती एकदा गेली की त्या घड्याळाचं वर्ष सांगणारा सगळ्यात बोलका साक्षीदार गेला. नोंद केली, फोटो काढला, घेतलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

गंगापूर रोडवरच्या एका काकूंकडे. काका जहाजावर इंजिनीअर होते, जाऊन बरीच वर्षं झाली. काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि आत सिको ६१०५-८११०. बाजारात या मॉडेलची नक्कल ढिगाने आहे, त्यामुळे खरं समोर आल्यावर मी थोडा वेळ नुसतं पाहत बसलो.

केस उशीसारखी फुगीर आणि दोन्ही बाजूंनी असमान. चावीच्या बाजूला पोलाद जास्त पुढे आलेलं, चावी चारच्या जागी त्या कुशीत बसलेली. चावीवर बाण आणि 'लॉक'. ही चावी आट्यांनी आवळली जात नाही, दाबून वळवली की अडकते. काकूंच्या घड्याळात ती अजून टक्क करून अडकते.

झाकणावरचा सिरियल नंबर सहा आकडी. सिकोची रीत सोपी आहे: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. महिने १ ते ९ आकड्यांत, ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. इथे पहिले दोन आकडे ३ आणि ७. म्हणजे तीनने संपणाऱ्या वर्षाचा जुलै. दशक कुठलं हे सिरियल कधीच सांगत नाही, ते मॉडेलवरून काढावं लागतं. ६१०५-८११० हे १९७० ते १९७७ एवढ्याच काळात बनलं, त्यामुळे १९७३ शिवाय दुसरं उत्तर नाही. पूर्ण सिरियल मी वहीत लिहितो, पण कुठेही छापणार नाही. नकली झाकणं बनवणाऱ्यांना खरे नंबर हवेच असतात.

पण हे झालं झाकणाचं वर्ष. झाकण चार मिनिटांत बदलता येतं. म्हणून पुढे.

डायलवर 'वॉटर १५० एम रेझिस्ट'. या मालिकेच्या सुरुवातीच्या डायलांवर 'प्रूफ' असतं. सत्तरच्या आसपास 'वॉटरप्रूफ' हा दावा मागे पडला आणि 'रेझिस्ट' आलं. १९७३ च्या घड्याळावर 'रेझिस्ट' असायला हवं, आणि आहे. झाकणावर 'रेझिस्टंट' आणि डायलवर 'प्रूफ' असं दिसलं असतं तर दोहोंपैकी एक बाहेरून आलं असं धरून चाललो असतो.

संध्याकाळी काकूंच्या परवानगीने आणि काकूंसह अण्णांकडे. त्यांनी रबरी बॉल झाकणावर दाबून फिरवला, पान्याचा ओरखडाही नाही. आत मशीन ६१०५ बी. चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो. आधीच्या ६१०५-८००० या केसमध्ये 'ए' मशीन असे, त्यात सेकंदकाटा थांबत नाही. म्हणजे मशीन आणि केस एकमेकांना ओळखतात. झाकणाची रबरी रिंग मात्र डांबर झालेली. अण्णांनी ती काडीने खरवडून काढली आणि आतल्या चरात एक कणही राहू दिला नाही.

काट्यांकडे आलो. तास आणि मिनिटकाट्याचं रेडियम डायलच्या ठिपक्यांसारखंच, जुन्या सायीच्या रंगाचं. सेकंदकाट्याचा ठिपका मात्र पांढरट हिरवा, ताजा. दुकानात नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा मारला. डायल आणि दोन काटे क्षणभर उजळून विझले. सेकंदकाटा मिनिटभर लख्ख चमकत राहिला. म्हणजे तो बदललेला. काकू लगेच म्हणाल्या, "हो रे, एकदा काच फुटली होती, तेव्हा मुंबईला टाकलं होतं दुरुस्तीला."

वहीतली नोंद: झाकण, डायल, मशीन यांचा मेळ बसतो, केस मूळ, पॉलिश नाही, बेझल मूळ, फिकी, दोन काटे मूळ, सेकंदकाटा आणि काच नंतरचे. वर्ष शाईने १९७३.

फक्त तेलपाणी आणि नव्या रिंगा करायचं ठरलं. सेकंदकाटा आहे तोच ठेवायचा. तो त्या दुरुस्तीचा पुरावा आहे.

२२ जानेवारी, बुधवार

काकूंचा फोन. ट्रंकेत काकांचं सीडीसी सापडलं, जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखांचे शिक्के असलेलं खलाशांचं पुस्तक. १९७४ च्या मार्चमध्ये मुंबईत चढले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत उतरले. काकूंना पक्कं आठवतं की घड्याळ त्या फेरीत जपानहून आलं. कारखाना जुलै १९७३, घर फेब्रुवारी १९७५. दोन्ही रकाने भरले. पहिल्याच नोंदीत एवढा नेटका कागद मिळेल अशी आशा नव्हती.

२ फेब्रुवारी, रविवार

आज घराबाहेर पडलो नाही. जगातली सुरुवातीची डायव्हर घड्याळं आणि त्यांची वर्षं ठरवायच्या पद्धती एकत्र लिहून काढल्या, म्हणजे इथलं काही समोर आलं तर तुलनेला हाताशी असेल.

सगळं १९५३ भोवती फिरतं. त्या वर्षी ब्लांपां या स्विस कंपनीचं फिफ्टी फॅदम्स आलं. कंपनीचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्टर स्वतः डायव्हिंग करायचे, आणि फ्रेंच नौदलात बुडी मारून लढणाऱ्या सैनिकांचं पथक उभं करणारे रोबेर मालुबिये आणि क्लोद रिफो यांना नेमकं कसं घड्याळ हवं ते माहीत होतं: काळी डायल, ठळक आकडे, फिरती बेझल, अंधारात दिसणारे काटे. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच वर्षी झोडियाकचं सी वुल्फ. रोलेक्सचं सबमरिनर लोकांपुढे आलं १९५४ च्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या घड्याळ प्रदर्शनात, पण ६२०४ या मॉडेलच्या झाकणांवरचे शिक्के १९५३ चे आहेत. पहिलं कोण यावर लोक हिरिरीने भांडतात. मला त्या भांडणापेक्षा ते शिक्के जास्त मोलाचे वाटतात. पाण्याखाली किती वेळ झाला हे हवेच्या टाकीवर जगणाऱ्या माणसाला कळायलाच हवं होतं, आणि ती गरज एकाच वेळी तीन कारखान्यांना दिसली.

रोलेक्सच्या त्या काळातल्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिमाही रोमन अंकात आणि वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात. शिवाय पट्टा काढला की बाराच्या बाजूला लगांच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मध्ये मॉडेल नंबर आणि सहाच्या बाजूला सिरियल. इथे एक मोठा खड्डा आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर सिरियल ९९९,९९९ पर्यंत पोचले आणि पुन्हा लहान आकड्यांपासून सुरुवात झाली. त्यामुळे लहान सिरियल म्हणजे जुनं घड्याळ हा हिशेब तिथे मोडतो. झाकणाचा शिक्का, मॉडेल आणि सिरियल तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील तरच पुढे जायचं. काही सुरुवातीच्या डायलांवर 'सबमरिनर' हे नावच नाही. नाव नाही म्हणून कुणी ते फेकून दिलं असेल या विचाराने पोटात कालवतं.

ओमेगाचं सीमास्टर ३०० आलं १९५७ मध्ये, मॉडेल सीके २९१३, स्पीडमास्टर आणि रेलमास्टर यांच्या बरोबरीने. ओमेगाचा सिरियल मशीनवर असतो, केसवर नव्हे, त्यामुळे झाकण उघडल्याशिवाय काही सांगायचंच नाही. लाँजीनने जुन्या वह्या जपल्या आहेत, सिरियलवरून घड्याळ कुणाला, कधी पाठवलं हे निघतं. बाकीच्या कंपन्यांच्या वह्या असत्या तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

जपानचं पहिलं डायव्हर म्हणजे सिकोचं ६२ मास, १९६५, १५० मीटर. ते जपानच्या अंटार्क्टिक मोहिमेतल्या लोकांच्या मनगटावर होतं. नाशकात एखादं तरी निघेल अशी माझी मनापासून इच्छा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

फेवर-ल्युबा. वहीचं सांगितल्यापासून निम्मे फोन याचेच. "आमच्याकडे पाण्याचं घड्याळ आहे, सी चीफ लिहिलंय." सी चीफ, सी किंग ही घड्याळं नाशिकच्या कितीतरी घरांत लग्नात दिलेली, निवृत्तीला मिळालेली आहेत. कंपनी स्विस, १७३७ ची, पण मुंबईत तिचं बस्तान १८६५ पासून, त्यामुळे इथल्या माणसाला ती आपलीच वाटते. प्रत्येकाला मी शांतपणे सांगतो की ही नेमाने वापरायची छान घड्याळं आहेत, डायव्हर नव्हेत. झाकण आट्यांचं आहे का, चावी कशी आहे, फिरती बेझल आहे का, डायलवर खोली लिहिली आहे का, ते पाहा. नावात समुद्र असल्याने भागत नाही. वडिलांचं घड्याळ म्हणून ते जपाच, हेही सांगतो, आणि ते मला खरंच वाटतं.

याच कंपनीने खरी पाण्यातली घड्याळंही केली. डीप ब्लू साठच्या दशकातलं. आणि बॅथी, जे घड्याळ म्हणूनच विलक्षण: मागच्या झाकणाला भोकं, त्यांतून पाणी आत शिरतं आणि एका पातळ पडद्यावर दाबतं, तो दाब काट्यापर्यंत पोचतो आणि डायलवर खोली दिसते. मीटरमध्ये ५० पर्यंत दाखवणारं बॅथी ५०, फुटांत दाखवणारं बॅथी १६०. त्याआधी १९६२ मध्ये त्यांनी बिव्हुआक काढलं होतं, गिर्यारोहकांसाठी हवेच्या दाबावरून उंची सांगणारं. डोंगराला लागलेली कल्पना उलटी करून पाण्याला लावली. बॅथीच्या झाकणाची भोकं पाहून एखाद्याने ती बुजवली असतील तर त्या पडद्याचं काय झालं असेल हे उघडताना लक्षात ठेवायचं.

सार्वजनिक वाचनालयात जुने दिवाळी अंक चाळायचं ठरवलं आहे. जाहिरातीत एखादं मॉडेल दिसलं तर 'तोपर्यंत ते इथे विकलं जात होतं' एवढं तरी पक्कं होतं. त्याला माझ्या पद्धतीत एक पुरावा म्हणून जागा आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं घड्याळ. त्यांच्या भावाने एडनहून आणलेलं स्विस स्किन डायव्हर, पातळ केस, काळी बेझल, डायलवर २० एटीएम, म्हणजे २०० मीटर. कंपनी सत्तरच्या दशकात बुडाली. १९६९ च्या डिसेंबरात सिकोचं क्वार्ट्झ अॅस्ट्रॉन आलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत असली कितीतरी छोटी स्विस घराणी संपली, त्यांची कागदपत्रंही. तेव्हा घड्याळालाच विचारायचं.

डायलच्या तळाशी, सहाच्या खाली: 'टी स्विस टी'. टी म्हणजे ट्रिटियम. अंधारात चमकण्यासाठी आधी खरोखरच रेडियम वापरत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्विसांनी ते सोडून ट्रिटियम घेतलं आणि डायलवर टी छापायला लागले, कधी 'टी<२५' असं. ते नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत चाललं. म्हणजे ही डायल १९६० च्या आसपासच्या आधीची असू शकत नाही.

कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) दिला. ही कसोटी मला फार आवडते कारण झाकण उघडावं लागत नाही. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे की काचेतून बाहेर येत नाहीत, यंत्र गप्प राहतं. शिवाय ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, १९६८ च्या घड्याळात आज सुमारे ४ टक्के उरलेलं. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. ते चमकायचं कधीच थांबलेलं असतं, कारण किरणांनी त्यातला चमकणारा पदार्थ जाळून टाकलेला असतो, पण किरण मात्र तसेच.

काउंटर काचेजवळ नेला आणि तो कडकडायला लागला.

डायल 'टी' सांगते, यंत्र रेडियम सांगतं. सर आणि मी एकमेकांकडे पाहिलं. घड्याळ पिशवीत घालून, हात धुऊन, अण्णांना फोन केला: उघडायचं, पण हातमोजे, तोंडाला मास्क आणि खिडकीपाशी. रेडियमचा भुगा नाकात जाऊ द्यायचा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यू जर्सीत डायल रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचं टोक ओठांनी निमुळतं करायच्या आणि त्यांचे जबडे सडले, कितीजणी गेल्या. तो इतिहास माहीत असताना दुर्लक्ष करायची मुभा कुणालाच नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र, त्र्यंबकच्या गर्दीमुळे गावात वाहनं हलेनात, म्हणून आज गेलो.

अण्णांनी टेबलावर ओला कागद पसरला, काटे काढले आणि वेगळ्या डबीत ठेवले. डायलजवळ काउंटर नेला: जवळजवळ शांत. डबीजवळ नेला: कडकड. काटे रेडियमचे, डायल ट्रिटियमची. काट्यांवरची भर तपकिरी, भेगाळलेली, डायलवरची फिकट पिवळी. लांबीही पाहिली. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही, थोडा अलीकडेच थांबतो. म्हणजे ते दुसऱ्या, आधीच्या घड्याळाचे. एडनच्या किंवा मुंबईच्या कुणा कारागिराने हाताशी असलेले बसवले असणार.

बॅलन्सच्या (मशीनमधल्या डोलणाऱ्या चक्राच्या) खाली भिंगातून पाहिलं. ढालीत 'ए एस' आणि कॅलिबर (मशीनच्या प्रकाराचा) नंबर. ग्रेंशेनची ए. शिल्ड कंपनी, शेकडो घड्याळ कंपन्यांना मशीन पुरवणारी. कॅलिबर साठच्या दशकातलं.

शिक्षकांना सगळं नीट समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या भावाने नकली घड्याळ आणलं?" मी म्हटलं, "नाही सर. केस, डायल, मशीन एकाच वयाचं आहे. कुणीतरी चालू राहावं म्हणून काटे बसवले." जुने काटे सीलबंद डबीत, त्यावर चिठ्ठी. योग्य लांबीचे काटे मिळेपर्यंत घड्याळ काट्यांविना अण्णांकडे. वर्ष पेन्सिलने: १९६३ ते १९६९.

९ मार्च, रविवार

ओझर. विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, मिगच्या जोडणीत आयुष्य गेलेलं. सत्तरच्या दशकात एका सोव्हिएत सहकाऱ्याने मायदेशी परतताना हातातलं घड्याळ काढून दिलं. व्होस्तोक अँफिबिया.

ते मला म्हणाले, "चावी बिघडली आहे, लोंबते." बिघडलेली नाही. अँफिबियाची चावी आटे सोडले की सैलच होते, आतल्या दांड्यापासून सुटी असते, म्हणजे तिला बाहेरून धक्का बसला तरी मशीनला लागत नाही. हे कळल्यावर काकांचा चेहरा खुलला. इतकी वर्षं ते ती चावी सोडायलाच घाबरत होते.

या घड्याळाची रचना पाहावी तेवढी थोडी. चिस्तोपोलच्या कारखान्यात ती १९६७ मध्ये साकारली. इतर कंपन्या पाण्याचा दाब थोपवायला झाकण घट्ट पिळतात. इथे झाकण दोन भागांत आहे: एक सपाट तबकडी जी फिरतच नाही, आणि तिच्यावरून आवळली जाणारी वेगळी कडी. त्यामुळे खालची रुंद रबरी रिंग पिळली जात नाही, सरळ दाबली जाते. जाड प्लास्टिकची काचही खोल पाण्यात किंचित वाकते आणि कडेला आणखी घट्ट बसते. पाणी जितकं जोर लावेल तितकं घड्याळ बंद होत जातं. महागड्या यंत्रांशिवाय २०० मीटर गाठायचे होते, आणि त्यांनी डोक्याने गाठले.

काळ ठरवणं: डायलवर रशियन लिपीत 'सोव्हिएत संघात बनवलेलं', म्हणजे १९९१ च्या आधीचं. बाराच्या खाली पंचकोनी गुणवत्ता चिन्ह, जे सोव्हिएत संघात १९६७ पासून दिलं जाऊ लागलं. मशीन २२०९. सोव्हिएत क्रमांकात पहिले दोन आकडे मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन त्यातल्या सोयी. ०९ म्हणजे हाताने चावी द्यायचं, मध्यावर सेकंदकाटा, तारीख नाही. नंतरच्या अँफिबियांत २४ ने सुरू होणारी मशिनं येतात, म्हणजे हे सुरुवातीच्या काळातलं. काकांची आठवण सत्तरच्या दशकाची, मशीन तेच सांगतं, डायल तेच सांगते. दशक शाईने, नेमकं वर्ष मोकळं.

मशीन चालू आहे, रोज सकाळी काका चावी देतात. आता बिनधास्त देतील.

१६ मार्च, रविवार

सिडकोतून दोन सिको ६३०९, दोन्ही कुवेतहून आलेली, दोघा सख्ख्या भावांची. दोन्हींच्या सिरियलचा पहिला आकडा ७. ६३०९ डायव्हर १९७६ ते १९८८ बनलं, म्हणजे ७ म्हणजे १९७७ किंवा १९८७. इथे केसचा नंबर कामी आला. थोरल्याचं ६३०९-७०४०, जुनी गुबगुबीत केस, ती दोन्ही वर्षांत बनत होती. धाकट्याचं ६३०९-७२९०, सडपातळ केस, ऐंशीच्या दशकातली. म्हणून धाकट्याचं निःसंशय १९८७.

थोरल्याचं पासपोर्टवरून सुटलं. ते १९८१ मध्ये कुवेत सोडून कायमचे परत आले. मग १९७७ च.

धाकट्या भावांनी आपलं घड्याळ मागच्या वर्षी चमकवून आणलं होतं. ६३०९ च्या केसचा वरचा भाग मूळ घासलेला, मंद असतो आणि बाजू चकचकीत. दोन्हींच्या मध्ये एक धारदार कड असते. ती कड गेली आहे, सगळं एकसारखं लकाकतं. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढला. हा एक फोटो मी प्रत्येक घरी दाखवणार आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

काकूंचं ६१०५ तयार. नव्या रिंगा, तेलपाणी, केसला हात नाही. दिवसाला काही सेकंद पुढे जातं. त्यांच्या मुलीने विचारलं, पोहताना घालू का. नको म्हटलं. रबर नवं असलं तरी चावीच्या नळीची झीज कुणी पाहिली आहे? पन्नास वर्षांचं घड्याळ पाण्यात घालून तपासायचं नसतं. त्याला कोरड्या हवेच्या दाबाचं यंत्र असतं.

१३ एप्रिल, रविवार

सिन्नरहून व्हॉट्सअॅपवर एक फोटो. आजोबा मुंबईच्या गोदीत होते, त्यांचं घड्याळ. दोन चाव्या, दोनच्या आणि चारच्या जागी, बेझल काचेच्या आत. दोन्ही चाव्यांवर जाळीदार चौकटीची नक्षी असल्यासारखं वाटतं, पण फोटो धूसर आहे.

असं असेल तर केस एर्व्हँ पिकरे कंपनीची सुपर कंप्रेसर असण्याची शक्यता. पन्नास-साठच्या दशकांत कित्येक स्विस कंपन्या त्यांच्याकडून केस घेत. झाकणाखाली स्प्रिंग असते, खोल गेलं की पाण्याचा दाब झाकणाला रिंगेवर आणखी दाबतो. वरचीच चावी आतली बेझल फिरवते, त्यामुळे कपड्यात अडकून वेळेची खूण सरकत नाही. झाकणाच्या आत पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचा शिक्का हवा. पण दोन चाव्यांची केस इतरांनीही केली, म्हणून शिक्का पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही.

नातवाला सांगितलं: सुरीने, चिमट्याने उघडू नकोस, काच पुसू नकोस, दोन्ही चाव्या फिरवून बघू नकोस, आतली कडी अडकली असली तर दात तुटतात. पट्टाही तसाच राहू दे, त्याच्या बकलवर काही ठोकलेलं असू शकतं. बुधवारी संध्याकाळी ते अण्णांकडे येतील. येताना आजोबांचा गोदीचा पास, जुने फोटो आणि मिळालं तर पगाराचं पुस्तक आणायला सांगितलं आहे.